उचलून नेलेल्या वाहनाची जबाबदारी

प्रवासाला निघालेल्या माणसाचे वाहन वाटेत बंद पडावे, यात नवल असे काही नाही. यंत्र म्हटले की ते केव्हा तरी थांबायचेच. पूर्वी बैलगाडीचा आस मोडला, म्हणजे जवळच्या गावातून सुतार बोलावून आणावा लागे. आज मोटरसायकलचे एंजिन रुसले, तर मालक खिशातून फोन काढतो, मदतकेंद्राला आपला ठावठिकाणा कळवतो, आणि तासा-दीड तासाने कोठून तरी एक टेम्पो येऊन त्याच्यापुढे उभा राहतो. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. रात्रीच्या वेळी, घाटात, बायकामुले बरोबर असताना जो या टेम्पोची वाट पाहत बसला असेल, त्याला तिचे मोल सांगायला नको.

पण या सोयीच्या पोटी एक नवा तंटाही जन्माला आला आहे. बंद पडलेली गाडी गॅरेजपर्यंत पोहोचते खरी. परंतु पोहोचते तेव्हा तिची टाकी चेपलेली असते, आरसा मोडलेला असतो, किंवा पुढच्या चाकाची ब्रेकची चकती वाकलेली असते. मालक विचारतो, "हे कोणी केले?" टेम्पोवाला सांगतो, "हे आधीपासूनच होते." ज्या कंपनीने मदत पाठवली ती म्हणते, टेम्पो आमच्या मालकीचा नव्हे. गॅरेजवाला म्हणतो, मला जशी मिळाली तशी मी उतरवून घेतली. या तिघांच्या मधोमध मालक हताश उभा असतो. अशा वेळी त्याने भरपाई कोणाकडे मागावी, कोणत्या आधारावर मागावी आणि कशी मागावी, याचा थोडा विचार आज आपण करू.

प्रथम हे नुकसान होते कसे, ते पाहिले पाहिजे. मोटार चार चाकांवर आपल्या बळाने उभी राहते. मोटरसायकलला मात्र कोणी तरी धरून ठेवावे लागते. टेम्पोत चढवताना फळी घसरली, की दीड-दोनशे किलो वजनाचे ते धूड एका अंगावर कोसळते. चढवून झाल्यावर ती नुसत्या बाजूच्या स्टँडवर उभी केली, तर पहिल्याच खड्ड्यात ती कलंडते. वास्तविक तिचे पुढचे चाक अडकणीत घट्ट बसवून, दोन्ही बाजूंनी रुंद कापडी पट्टे ताणून तिला सरळ उभी बांधायची असते. या पट्ट्यांऐवजी उघडी साखळी वापरली, तर साखळी रंग खरवडते. आकडा ब्रेकच्या चकतीत किंवा चाकाच्या आऱ्यांत अडकवला, तर चकती वाकते आणि आरे पिळवटतात. म्हणजे यांतील बहुतेक हानी दैवाने होत नाही; ती निष्काळजीपणाने होते. आणि जी हानी निष्काळजीपणाने होते, तिची भरपाई मागता येते.

आता कायद्याकडे वळू. आपली वस्तू विशिष्ट कामासाठी दुसऱ्याच्या हवाली करावी आणि काम झाल्यावर त्याने ती परत द्यावी, किंवा आपण सांगू तेथे पोहोचवावी, या व्यवहाराला कायद्यात निक्षेप म्हणतात. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आणि याज्ञवल्क्यस्मृतीत 'उपनिधी' या नावाने विश्वासाने सोपवलेल्या वस्तूंचा स्वतंत्र विचार केलेला आढळतो. आजचा भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचे १४८ वे कलम निक्षेपाची व्याख्या करते, आणि १५१ वे कलम अगदी साध्या शब्दांत कर्तव्य सांगते: साधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी वस्तू ताब्यात घेणाऱ्याने घेतली पाहिजे. या कसोटीत विलक्षण असे काही नाही. टेम्पोवाल्याने स्वतःची मोटरसायकल असती तर ती साखळीने टाकीवरून आवळली असती काय, एवढाच प्रश्न विचारायचा.

हे कलम सर्व निक्षेपांना लागू आहे. काम पैसे घेऊन केले की फुकट, असा भेद ते करीत नाही. इंग्लंडात १७०३ साली एका मनुष्याने ब्रँडीची पिंपे एका तळघरातून दुसऱ्या तळघरात नेण्याचे काम मोबदला न घेता पत्करले. ती नेताना हयगय झाली, पिंप फुटले आणि मद्य वाहून गेले. फुकट काम केले म्हणून तो सुटला नाही; न्यायालयाने त्याला जबाबदार धरले. तेव्हा "आम्ही तर मदतच केली" हे उत्तर ऐकून मालकाने मुकाट्याने घरी जाण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट मालकाच्या बाजूची आहे. वस्तू ताब्यात घेतली तेव्हा धड होती आणि परत दिली तेव्हा मोडलेली होती, एवढे दिसून आले, की मधल्या काळात आपण योग्य काळजी घेतली होती हे दाखवण्याचा भार ताब्यात घेणाऱ्यावर येतो. हे न्याय्यच आहे. कारण टेम्पोत काय घडले ते टेम्पोवाल्यालाच ठाऊक असते. हे कर्तव्य सरकारलाही चुकलेले नाही. जुनागढ संस्थानात जप्त झालेल्या काही मोटारगाड्या पुढे सरकारी ताब्यात बेवारशासारख्या पडून राहिल्या आणि मालकाला परत मिळाल्या नाहीत. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणी असा निर्णय दिला, की लेखी करार नसला तरी वस्तू ताब्यात असताना तिची वाजवी काळजी घेणे सरकारवरही बंधनकारक आहे.

परंतु पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत एक वाक्य छापलेले असते: 'वाहन मालकाच्या जोखमीवर नेले जाईल.' ते वाचून अनेकांचा धीर खचतो. त्यांनी २०१९ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल ध्यानात ठेवावा. दिल्लीतील एका हॉटेलात १९९८ साली पाहुण्याने मोटार आणि तिची किल्ली नोकराच्या हवाली केली, आणि मोटार चोरीस गेली. चिठ्ठीवर मालकाच्या जोखमीचा मजकूर होता. न्यायालयाने सांगितले, की अशा मजकुराच्या आड राहून स्वतःच्या किंवा आपल्या नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येत नाही. तो निकाल हॉटेलांपुरता होता, हे खरे. तथापि त्यामागचे तत्त्व विचारात घेतले, तर छापील वाक्य हाच वादाचा शेवट मानण्याचे कारण उरत नाही.

आता प्रश्न येतो तो जबाबदार कोण, हा. आजकाल ही मदत बहुधा विम्याबरोबर किंवा नव्या गाडीबरोबर वार्षिक योजना म्हणून विकली जाते. विकणारा एक, मदतकेंद्र चालवणारा दुसरा आणि टेम्पो घेऊन येणारा तिसरा, अशी ही साखळी असते. मालकाने पैसे ज्याला दिले, त्याने सेवा देण्याचे वचन दिलेले असते. ते काम दुसऱ्याकडे सोपवल्याने वचन संपत नाही. म्हणून तक्रारीत या तिघांचीही नावे घालावीत. योजनेची रक्कम विम्याच्या हप्त्यात मिळवलेली असेल, तर सेवा फुकट होती असेही म्हणता येत नाही.

येथे विम्याविषयी थोडा खुलासा करणे इष्ट आहे. आपल्याजवळ केवळ त्रयस्थ जोखमीचा सक्तीचा विमा असेल, तर आपल्या गाडीची हानी त्यातून भरून निघत नाही. सर्वंकष विमा असेल, तर रस्त्याने वाहून नेताना झालेली हानीही त्यात सामान्यतः येते. पण त्याची किंमत मोजावी लागते. वर्षभर दावा न केल्याबद्दल हप्त्यात जी सूट मिळते, ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. एका दाव्याने ती नाहीशी होते. शिवाय प्लास्टिक आणि रबराच्या भागांची किंमत विमा कंपनी साधारणतः निम्मीच धरते. तेव्हा लहान नुकसानीसाठी स्वतःच्या विम्याकडे धावण्यापूर्वी, ज्याच्या हातून हानी झाली त्याच्याकडेच भरपाई मागणे पुष्कळदा हिताचे असते.

मागणी मात्र पुराव्यावाचून उभी राहत नाही, आणि हा पुरावा तंटा सुरू होण्यापूर्वीच गोळा करावयाचा असतो. गाडी टेम्पोत चढवण्याआधी तिची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. टेम्पोचा क्रमांक दिसेल असेही एक घ्यावे. ती बांधल्यावर पुन्हा एक घ्यावे, म्हणजे पट्टे होते की साखळी, ते उघड दिसते. मदतकेंद्राकडून आलेले संदेश पुसून टाकू नयेत. गाडी उतरवून घेताना घाई करू नये. अंधार असेल, तर पावतीवर 'गाडी सुस्थितीत मिळाली' या मजकुराखाली तशीच सही न करता, 'अंधारामुळे तपासणी झालेली नाही' एवढे शब्द स्वतःच्या हाताने लिहावेत. नुकसान दिसले, तर त्याच दिवशी लेखी कळवावे. दुरुस्तीपूर्वी गॅरेजकडून खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा, बदललेले भाग जपून ठेवावेत, आणि कंपनीला पाहणीची वाजवी संधी द्यावी. पाहणीपूर्वीच गाडी दुरुस्त करून घेतली, तर मोडतोड कशी व किती होती, हा नवाच वाद उपस्थित होतो.

मागायचे किती, यालाही मर्यादा आहे. करार कायद्याचे ७३ वे कलम हानीतून स्वाभाविकपणे उद्भवलेल्या नुकसानीची भरपाई देते. दूरान्वयाने आलेल्या नुकसानीची देत नाही. दुरुस्तीचा खर्च, गाडी दुरुस्तीत असेपर्यंत येण्याजाण्यासाठी पडलेला वाजवी खर्च, या गोष्टी मागता येतात. चेपलेल्या टाकीबरोबर झिजलेला टायरही नवा मिळावा, ही अपेक्षा न्यायाला धरून नाही. मालकाचेही एक कर्तव्य आहे. गाडीचे हँडल सैल आहे, ब्रेक लागत नाही, पेट्रोल गळते आहे, असे काही ठाऊक असेल, तर त्याने ते आधीच सांगितले पाहिजे. दोष लपवून गाडी सोपवायची आणि मग हानीचा सारा भार दुसऱ्यावर टाकायचा, हे कायद्यालाही मान्य नाही. भर पावसात, रात्री-अपरात्री घाटात येणारा तो टेम्पोवालाही पोटासाठीच राबणारा माणूस असतो, हे विसरता कामा नये. भरपाई म्हणजे सूड नव्हे.

लेखी मागणी करूनही उत्तर आले नाही, तर पुढचा मार्ग ग्राहक आयोगाचा. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, तेव्हा ग्राहकाला स्वतंत्र कायदा नव्हता. तो १९८६ साली झाला, आणि त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली, जो २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला. त्याअन्वये सेवेतील उणिवेबद्दल जिल्हा आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. सेवेपोटी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही; वकील दिलाच पाहिजे असेही नाही. तक्रार घरबसल्या संगणकावरूनही दाखल होते. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर गाऱ्हाणे नोंदवले, तर काही वेळा प्रकरण तेथेच मिटते. दूध घालणारा, टपालाच्या पिशव्या वाहणारा किंवा फिरता कारागीर आपल्या उपजीविकेसाठी मोटरसायकल चालवतो. केवळ तेवढ्या कारणाने तो ग्राहक ठरत नाही असे नाही. स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या सेवेला कायद्याने संरक्षण दिले आहे.

नव्या कायद्यातील एक तरतूद आपल्यासारख्या देशभर विखुरलेल्या मराठी माणसांना विशेष उपयोगाची आहे. पूर्वी सामान्यतः जेथे प्रतिपक्षाचे ठिकाण असेल किंवा जेथे घटना घडली असेल, तेथेच दाद मागावी लागे. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो, तेथील आयोगाकडेही जाता येते. समजा, इंदूरचे कोणी गृहस्थ नाशिकला आप्तांकडे निघाले, वाटेत गाडी बंद पडली आणि उचलून नेताना तिची हानी झाली. तर त्यांना त्यासाठी नाशिकला खेपा घालण्याची गरज नाही. ते इंदुरातच तक्रार करू शकतात.

रक्कम लहान असते, म्हणून पुष्कळ लोक हा खटाटोप करीत नाहीत. दोन-चार हजारांसाठी कोण भांडत बसणार, असे ते म्हणतात. पण ज्याची मिळकत त्या दोन चाकांवर अवलंबून आहे, त्याच्या घरी दोन-चार हजार म्हणजे मुलाच्या शाळेची फी असते, किंवा महिन्याचा किराणा असतो. शिवाय प्रत्येक जण गप्प राहिला, तर टेम्पोत साखळीच्या जागी पट्टे येण्याचे काही कारणच उरत नाही. एका मालकाने सभ्यपणे, पुराव्यानिशी मागितलेली भरपाई ही त्याच्यामागून त्याच रस्त्याने येणाऱ्या अनेकांच्या वाहनांची काळजी घ्यायला लावते. तेव्हा रक्कम लहान आहे म्हणून मागणी सोडून देऊ नये. ती वेळेवर, लेखी आणि वाजवी अशी करावी.