वारा सुटतो, वारा पडतो



रायपूरच्या शंकरनगरात आमचे बिऱ्हाड आहे. ज्येष्ठातल्या एका सायंकाळी माझी आठ वर्षांची कन्या गच्चीवरून धावत आली आणि म्हणाली, "बाबा, हवा चालते आहे!" मातोश्री जवळच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "चालतात ती माणसं. वारा सुटतो, बाळ."

मुलीला बोल कसा लावावा? १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि हिंदीबरोबर मराठीही तेथे राजभाषा होती. आज येथे मराठी उरली आहे ती घराच्या चार भिंतींत. मी स्वतः दिवसभर हिंदीत टिपणे लिहितो.

त्या रात्री मी कोश काढून बसलो. (एम. ए. झालेल्या माणसाचे हे जुने व्यसन.) लॅटिनमध्ये वाऱ्याला 'व्हेन्तुस' म्हणत. त्याचेच इटालियन व पोर्तुगीजमध्ये 'व्हेन्तो', स्पॅनिशमध्ये 'व्येन्तो' आणि फ्रेंचमध्ये सानुनासिक 'व्हाँ' झाले. वॉर्साचे नेत्रवैद्य झामेनहोफ यांनी १८८७ साली एस्पेरांतो ही नवी भाषा रचली. आपल्या विनोबांनीही तिचा अभ्यास केला होता. तिच्यातही वारा 'व्हेन्तो'च. पुढे इदो आली, १९५१ मध्ये इंटरलिंग्वाचा कोश निघाला. तेथेही तोच शब्द. भाषा नव्याने घडविणाऱ्यांनाही वाऱ्यासाठी नवे नाव सुचविण्याची गरज वाटली नाही.

आणि हा शब्द आपल्याला परका आहे असे तरी कोठे? 'वाहणे' या अर्थाचा संस्कृत 'वा' धातू, त्यापासूनचा 'वात' आणि हा 'व्हेन्तुस' ही एकाच कुळातली भावंडे. आपण झंझावात म्हणतो तेव्हा त्याच कुळाचे नाव घेतो. खिडकीला संस्कृतात 'वातायन' म्हणतात आणि स्पॅनिशमधली 'व्हेन्ताना' म्हणजे खिडकीही वाऱ्यावरूनच आली. 'हवा' मात्र अरबी. ती फारसीच्या वाटेने हिंदीत आली आणि मराठीतही.

तेव्हा नाम कोठूनही येते आणि कोठेही रुळते. अडते ते क्रियापदापाशी. स्पॅनिश माणूस वारा 'करतो' म्हणतो. कोण करतो, ते सांगत नाही. हिंदीत हवा चालते. मराठीत वारा सुटतो, जणू कोणी त्याला दाव्याला बांधून ठेवले होते. तो अंगाला झोंबतो, वासराच्या कानात भरतो आणि शेवटी पडतो. फ्रेंचांचा वाराही पडतोच, हे वाचून मला उगीचच बरे वाटले. पण ही क्रियापदे कोशात पाहून तोंडी बसत नाहीत. ती घरात कोणी तरी बोलावी लागतात.

दोन दिवसांनी पुन्हा आभाळ भरून आले. गच्चीवरच्या दोरीवरचे धोतर हलायचे थांबले, आणि माझ्याच तोंडून निघून गेले, "हवा बंद झाली."

मातोश्रींनी नुसते माझ्याकडे पाहिले. मग त्या नातीला म्हणाल्या, "वारा पडला. आता पाऊस येईल, कपडे काढ."

"पडला?" मुलीने विचारले. "मग लागलं का गं आजी त्याला?"