जलपरीच्या हातातला सुरा



नदीकाठच्या गावात वाढलेल्या माणसाला आसरा म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. डोहाच्या कडेला शेंदूर लावलेले सात दगड असतात. त्यांच्यापुढं कुणीतरी हळदकुंकू वाहिलेलं असतं. आणि भर दुपारी तिकडं पोहायला निघालेल्या पोराला आजी दटावते, "जाऊ नकोस रे, आसरा ओढून नेतील." अप्सरा या शब्दाचंच हे घरगुती रूप. अप् म्हणजे पाणी. पाण्यात वावरणारी ती अप्सरा. पुराणांनी तिला इंद्राच्या दरबारात नाचायला नेलं. आपल्या डोहात मात्र ती होती तशीच राहिली.

पाण्यात एक बाई आहे, ती देखणी आहे आणि ती माणसाला ओढून नेते, ही कल्पना काही आपली एकट्याची नव्हे. ग्रीकांच्या ओडिसी या महाकाव्यात सायरेन नावाच्या गाणाऱ्या बायका आहेत. त्यांचं गाणं ऐकून खलाशी भुलत आणि प्राणाला मुकत. ओडिसियसनं सोबत्यांचे कान मेणानं बुजवले, आणि स्वतःला मात्र डोलकाठीला बांधून घेतलं. म्हणजे गाणंही ऐकायला मिळावं आणि जीवही वाचावा! जर्मनीत ऱ्हाइन नदीवरच्या एका उंच खडकाला लोरेलाय म्हणतात. तिथं बसलेल्या सुंदरीकडं पाहता पाहता नावाड्यांच्या होड्या फुटतात, अशी कथा 19 व्या शतकातल्या कवींनी रूढ केली.

या कथांत धोका कुणाला, तर पुरुषाला. त्या बाईच्या मनात काय आहे, हे विचारायला कुणी थांबत नाही. ते विचारलं डेन्मार्कच्या हान्स ख्रिस्तियान अँडरसननं. हा 1805 साली ओडन्स गावी एका गरीब चांभाराच्या घरी जन्मला. आई लोकांचे कपडे धुऊन पोट भरी. 1837 साली त्यानं 'छोटी जलपरी' ही गोष्ट छापली.

गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल, पण बहुधा अर्धीमुर्धी. 1989 सालच्या डिस्नेच्या चित्रपटात शेवटी राजपुत्राशी तिचं लग्न लागतं, आणि मुलं टाळ्या पिटत घरी जातात. मूळ गोष्टीत असं काही घडत नाही.

शिक्षकमित्रांनी वर्गात मूळ गोष्ट सांगायची ठरवली, तर दोन जागांशी जरूर थांबावं. पहिली जागा अशी. वादळ उठलं, गलबत बुडायला आलं, की छोट्या जलपरीच्या पाच बहिणी हातात हात घालून वर येतात आणि गलबतापुढं गातात. गाण्यात काय, तर समुद्राच्या तळाशी किती सुंदर आहे, घाबरू नका, खाली या. खलाशांना ते शब्द कळत नाहीत. त्यांना वाटतं, वादळच घोंघावतंय. आणि खाली ते पोचतात ते मेलेलेच. आता या बहिणी दुष्ट आहेत का? मुळीच नाहीत. त्या आपल्या घरी पाहुण्यांना बोलावताहेत. पाण्यात माणसाला श्वास घेता येत नाही, ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच येत नाही, एवढंच. सायरेनचं जुनं गाणं अँडरसननं तसंच ठेवलं, पण त्यातलं कपट काढून टाकलं. धाकटीचंही पहिल्यांदा तेच होतं. राजपुत्राचं गलबत फुटतं तेव्हा तिला आधी आनंद होतो, की हा आता आपल्याकडं येणार! मग तिला आठवतं, माणसं पाण्यात जगत नाहीत. ती त्याला वर काढते, रात्रभर त्याचं तोंड पाण्याबाहेर धरून ठेवते. मला विचाराल तर तिचं प्रेम आनंदाच्या क्षणी सुरू झालं नाही, ते या आठवणीच्या क्षणी सुरू झालं.

पुढचा भाग माहितीचा आहे. पाय हवेत म्हणून ती समुद्रातल्या चेटकिणीकडं जाते. चेटकीण किंमत म्हणून तिची जीभ कापून घेते. पाय मिळतात, पण प्रत्येक पावलाला सुऱ्यांवरून चालल्यासारख्या वेदना होतात. राजपुत्र तिला जवळ ठेवून घेतो, लाड करतो. आणि तिलाच सांगतो, की ज्या मुलीनं मला वाचवलं तिच्यासारखीच तू दिसतेस! किनाऱ्यावर त्याला प्रथम दिसली ती दुसरीच मुलगी. तिनंच वाचवलं अशी त्याची समजूत. 'ती मी होते,' एवढं एक वाक्य बोललं की काम होतं. पण जीभ तर देऊन बसली आहे.

दुसरी जागा शेवटची. राजपुत्राचं लग्न त्या दुसऱ्या मुलीशी लागतं. पहाट झाली की जलपरीचा फेस होणार. रात्री बहिणी वर येतात, त्यांचे लांब केस कापलेले. ते केस चेटकिणीला देऊन त्यांनी एक सुरा आणला आहे. उजाडण्याआधी राजपुत्राच्या छातीत तो खुपस, त्याचं रक्त पायांवर पडलं की पुन्हा शेपूट येईल, तू वाचशील. म्हणजे सगळ्या गोष्टीत ही एकच घटका अशी, की जिथं ही जलपरी खरोखर धोक्याची आहे. ती तंबूचा पडदा बाजूला सारते, झोपलेल्या दोघांकडं पाहते, सुरा हातात थरथरतो, आणि ती तो समुद्रात फेकून देते. (पुढं ती वायुकन्या होते वगैरे भाग मला कच्चा वाटतो, पण ते असो.)

आजकाल पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी इंग्रजीत जलपऱ्यांच्या प्रेमकथांचं पीक आलं आहे. ॲन ग्रीनवुड ब्राउन या अमेरिकन लेखिकेची 'लाइज बिनीथ' ही 2012 सालची कादंबरी घ्या. स्थळ सुपीरियर सरोवर. तिथले जलमानव माणसांना बुडवून मारतात, आणि गोष्ट सांगणारा कॅल्डर त्यांच्यातलाच एक. सूड घेण्यासाठी त्याला एका माणसाच्या मुलीशी सलगी करायला पाठवतात, आणि तो तिच्या प्रेमात पडतो. पालक नाक मुरडतात, की हे काय भुताखेतांचं प्रेम! पण नीट पाहिलं तर तोच जुना सुरा एका पोराच्या हातात आला आहे, आणि फेकावा की चालवावा या एका प्रश्नावर सारं पुस्तक उभं आहे. पंधराव्या वर्षी प्रेमाची जेवढी ओढ वाटते तेवढीच भीतीही वाटते. त्या वयाच्या मुलांनी हे वाचलं तर मला काही वावगं दिसत नाही.

मला चिंता वाटते ती जिभेची. एकदा नदीकाठच्या एका शाळेत मी ही गोष्ट सांगितली. चेटकीण आली तेव्हा मुलं गप्प झाली, सुऱ्याच्या वेळी तर टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. गोष्ट संपली. सातवीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तिला लिहिता येत नव्हतं का?"

मी गडबडलो. घरी आल्यावर पुस्तक काढून पुन्हा पहिल्यापासून चाळलं. तळाशी राजवाडा आहे, प्रत्येक बहिणीला स्वतंत्र बाग आहे, सांभाळायला आजी आहे. शाळा कुठं सापडली नाही.