दागिना आखूड करताना
(रौप्यमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



कमिटीने मला सांगितलं, "काका, बँकेच्या अनुभवातलं काहीतरी उपयोगाचं बोला." त्यांना वाटलं असेल, मी मुदत ठेव आणि नामनिर्देशन यावर बोलणार. नामनिर्देशन तुम्ही सर्वांनी केलेलंच असेल. नसेल तर उद्याच करा. आज मी बोलणार आहे ते लांब होणाऱ्या चेनबद्दल आणि सैल झालेल्या ब्रेसलेटबद्दल. ती घरच्या घरी आखूड कशी करावी, आणि कुठे हात आवरावा.

विषय किरकोळ वाटेल. पण चवथ आली की आपल्या प्रत्येक घरात दागिने बाहेर निघतात आणि सासूची चेन सुनेला लांब होते. आमच्याकडेही तसंच झालं. लग्नानंतर माझ्या आईने आपली चेन सौ.ला दिली, ती चोवीस इंची. सौ. म्हणाली, थोडी कापून घेऊया. आई म्हणाली, "गो बाय, सोन्याक कातर लावू नको. आज तुका लांब होता, उद्या तुझ्या सुनेक बरोबर बसतली." आईने सोनाराकडून इंग्रजी 'एस'सारखा एक बारीक सोन्याचा आकडा करून आणला. मानेमागे चेनच्या दोन कड्या त्या आकड्यात अडकवल्या की पुढून चेन अठरा इंची दिसायची. उरलेला भाग मागे अंबाड्याखाली लपायचा. आज तीच चेन आमची सून पूर्ण लांबीत घालते.

हे डोळ्यांसमोर असूनही मी शहाणपणा केला. सौ. मोठ्या आजारातून उठली तेव्हा हात अगदी बारीक झाले होते. तिच्या आईने दिलेलं ब्रेसलेट मनगटावरून निसटायचं. मी नुकताच निवृत्त झालेला, हाताला काम नाही. पक्कड घेतली, चार कड्या काढल्या आणि उरलेली टोकं एक कडी वाकवून जोडून टाकली. अर्ध्या तासात काम फत्ते! सौ.लाही बरं वाटलं. पुढच्या महिन्यात मालवणच्या बाजारातून एसटीने परत आलो, घरात येऊन बघते तर मनगट मोकळं. कट्ट्याच्या स्टॉपपासून घरापर्यंत रस्ता दोनदा पायाखाली घातला. मिळालं नाही. ती मला एक शब्द बोलली नाही, हे मला जास्त लागलं.

माझी चूक कुठे झाली? सोन्याच्या कड्या डाक देऊन, म्हणजे तापवून झाळलेल्या असतात. सोनं मऊ. नुसती वाकवून बंद केलेली कडी पदराला, पिशवीला अडकली की उघडते. म्हणून पहिला नियम : झाळलेली सोन्याची साखळी घरी कापायची नाही.

मग घरी काय करता येतं? पुष्कळ. आधी गळ्याभोवती दोरा धरून हवी तेवढी लांबी ठरवा आणि दोरा पट्टीवर मोजा. मनगटाला मोजताना एक बोट आत जाईल एवढी जागा ठेवा. सोन्याची चेन असेल तर आईचा आकडा हाच उत्तम उपाय. कापणं नाही, वजन घटत नाही, वाटेल तेव्हा काढता येतो. चेनला गाठ मात्र मारू नका. चपटी किंवा सापासारखी गुळगुळीत चेन एकदा मुरगळली की तो बाक जात नाही.

इमिटेशनच्या चेनला टोकाशी बहुधा न झाळलेली कडी असते. तिथे घरी काम करायला हरकत नाही. खाली काठाचं ताट आणि त्यात पांढरा रुमाल ठेवा, म्हणजे कडी उडाली तरी सापडते. दोन टोकदार पकडी घ्या, तोंडाला चिंधी गुंडाळा. कडी दोन बाजूंना ओढून फाकवू नका, तिचा गोल बिघडतो. एक टोक पुढे, एक मागे असं पिळून उघडा आणि तसंच उलट पिळून बंद करा. मध्ये पदक असेल तर दोन्ही बाजूंनी सारख्याच कड्या काढा, नाहीतर पदक एका बाजूला जातं. शेवटी सुती कापडावर कडी घासून बघा. धागा अडकला तर फट राहिली आहे.

सोनं कापायचंच असेल तर सोनाराकडे, आणि समोर बसून. आता बँकवाला बोलतो. आधी वजन, नंतर वजन, आणि कापलेला तुकडा आपल्या हातात. चोवीस इंची चेन बारा ग्रॅमची असेल तर इंचाला अर्धा ग्रॅम धरा. चार इंच कापले तर दोन ग्रॅम सोनं निघतं. "थोडंसंच आहे, राहू दे" असं म्हणू नका. दुसरं, हॉलमार्क बघा. बीआयएसचं चिन्ह, शुद्धता, म्हणजे बावीस कॅरेटला ९१६, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून या एचयूआयडीशिवाय दुकानदाराला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. चेनवर हा शिक्का बहुधा आकड्याजवळ असतो. तो भाग कापला गेला तर दागिन्याची ओळखच गेली. तुकडा, पावती आणि वजनाची चिठ्ठी एकाच पाकिटात ठेवा. उद्या तारण ठेवायची वेळ आली किंवा मुलांत वाटणी झाली, तर वजनावरून कोणी कोणाकडे संशयाने बघणार नाही. बँकेच्या काउंटरवर अशी भावंडं मी पाहिली आहेत.

माझ्या त्या चार कड्या मी अशाच पाकिटात ठेवल्या होत्या. ब्रेसलेट गेलं, कड्या राहिल्या. सौ.ची तब्येत सुधारली, मनगटही भरलं. गेल्या वर्षी नातीची बारशाची चेन तिला आखूड व्हायला लागली. सौ.ने पाकीट काढलं आणि सोनाराकडून त्या चार कड्या मागच्या बाजूला झाळून घेतल्या. जाडी जुळत नाही, पण वेणीखाली दिसत नाही. पणजीचं सोनं पोरीच्या गळ्यात आलं.

सौ. समोरच बसली आहे. घरातली पक्कड तेव्हापासून तिच्या ताब्यात आहे, हे ती सांगण्याआधी मीच सांगतो आणि आपली रजा घेतो.