अतिसममितीचा शोध



निसर्गातील प्रत्येक मूलकणास एक जोडीदार असावा व दोहोंच्या परिवलनात अर्ध्या एककाचा भेद असावा, ही सुंदर कल्पना पदार्थवैज्ञानिकांनी १९७० नंतरच्या दशकात मांडली. तिला अतिसममिती म्हणतात. जिनिव्हाजवळ भूमीखाली २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात प्रोटॉनांच्या टकरी घडवून, २०१० पासून त्या जोडीदारांचा शोध घेण्यात आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकही त्यात सहभागी आहेत. तेथे २०१२ साली हिग्ज कण सापडला. जोडीदार मात्र एकही नाही. ग्लुइनो नामक जोडीदार असलाच, तर बहुतेक प्रचलित प्रतिमानांनुसार तो प्रोटॉनाच्या सुमारे २,००० पटींहून जड असला पाहिजे, एवढे कळले.

मग आशा सोडावी काय? नाही. टकरींची संख्या पुष्कळ वाढविण्याची योजना आहे; विरळ घटना त्यांतच गवसतील.

मी आयुष्यभर गणित शिकविले. पुस्तकामागील उत्तर पाहून आकडे जुळविणाऱ्यापेक्षा ‘गुरुजी, उत्तर येत नाही’ असे प्रांजळपणे सांगणारा विद्यार्थी मला अधिक प्रिय वाटे. कल्पना कितीही सुंदर असो, पुराव्यावाचून ती खरी न मानणे हेच विज्ञानाचे शील होय. ते आपल्या मुलामुलींच्या अंगी बाणो.