‘हॅव’ कसं शिकवावं?

इंग्रजीतलं ‘हॅव’ हे क्रियापद आपल्याकडे ‘असणे’ या एका अर्थावर उरकलं जातं. माझ्या मते चुकांचं मूळ तिथंच आहे. जवळ असणं सांगायला मराठीला वेगळं क्रियापद लागत नाही. ते काम ‘ला’ आणि ‘कडे’ करतात. मला दोन भाऊ आहेत, आमच्याकडे दोन म्हशी आहेत, त्याला ताप आहे, घराला चार खोल्या आहेत. ‘ला’ कुठे आणि ‘कडे’ कुठे, हा फरक पोराला कुणी शिकवलेला नसतो, तरी ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ असं ते सहसा म्हणत नाही. इंग्रजीत या चारही वाक्यांत ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ येतं. मराठीत भाऊ, ताप, खोल्या हे कर्ते. इंग्रजीत मी, तो, घर हे कर्ते. तेव्हा नुसता शब्दार्थ पाठ करून भागत नाही, वाक्याची मांडणीच बदलावी लागते. चिनी विद्यार्थ्याची अडचण निराळी. त्याच्या भाषेत ‘जवळ असणे’ आणि ‘तिथे असणे’ यांना एकच क्रियापद, म्हणून ‘खोलीत माणसं आहेत’ म्हणतानाही तो ‘हॅव’ वापरून बसतो. दोघांना एकच धडा कसा पुरेल?

दुसरी चूक ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ ही. कोल्हापुरी बोलीत ‘मी रोज तालमीत जातोय’ हे सवयीचं वाक्य आहे, त्यामुळे ‘जातोय’ म्हटलं की ‘गोइंग’ तोंडात येणं साहजिक, आणि त्याच साच्यात मग ‘हॅविंग’ही येतं. कुणी म्हणेल, ‘हॅविंग’ तर भारतभर ऐकू येतं, मग आपल्या बोलीला दोष का? दोष नाहीच. उलट तिचा उपयोग करावा. जेवतोय, चहा पितोय, अशी आत्ता चाललेली कृती असेल तर ‘हॅविंग’ चालतं. भाऊ असणं ही कृती नव्हे, हे पोराला लगेच पटतं.

इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा, मध्ये मराठी नको, हा आक्षेप वजनदार आहे. घरात इंग्रजी कानावर पडतं तिथे तो खराही आहे. पण २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि चंदगड-शाहूवाडीच्या वाडीवस्तीवरच्या कितीतरी मुलांना ते तासापुरतंच भेटतं. बाई मराठी बोलल्या नाहीत म्हणून मुलाच्या डोक्यातलं मराठी थांबत नाही. तेव्हा आधी सुरुवातीची ती चार मराठी वाक्यं फळ्यावर यावीत, शेजारी त्यांची इंग्रजी रूपं. ‘हॅज’ आणि ‘हॅड’ची कोष्टकं त्यानंतर.