सूत निवडताना

विणकामावर बोलायचं म्हटलं, की बहुतेक भगिनींची अपेक्षा असते ती एखाद्या नव्या नमुन्याची. किती टाके घालावेत, काठ किती बोटं करावा, जाळी कुठल्या ओळीपासून सुरू करावी, हे सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत आणि हौशी हातांना ती पुरतातही. आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते नमुन्याच्या आधीच्या पायरीबद्दल. दुकानात उभं राहून आपण सूत निवडतो ना, त्या पाच मिनिटांबद्दल. पुढच्या महिना-दीड महिन्याच्या मेहनतीचं काय होणार, हे पुष्कळदा त्या पाच मिनिटांतच ठरून जातं.

मला हे कसं कळलं ते आधी सांगते.

आम्ही राहतो सोलापुरात, नवी पेठेत. दुकानं हाकेच्या अंतरावर. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मामंजींसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी, स्वेटर विणायचं मी मनात घेतलं. मामंजींनी उभं आयुष्य गिरणीत सूतकताईच्या खात्यात काढलं होतं आणि ते नुकतेच घरी बसले होते. पहाटे उठून सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत फिरायला जायचे, अंगावर सदरा आणि खांद्यावर एक उपरणं. मी बाजारातून निळंभोर, लुसलुशीत, चकचकीत सूत आणलं. दुकानदार त्याला लोकर म्हणाला, मीही लोकरच म्हटलं. दीड महिना रात्री बसून पूर्ण बाह्यांचा स्वेटर केला. संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेत, मामंजींनी तो घातला, भेटेल त्याला कौतुकानं दाखवला. आणि दुसऱ्या दिवशी जो खुंटीवर गेला तो खुंटीवरच राहिला.

आठ दिवस मी काही बोलले नाही. नवी सून, विचारणार कशी? पण मनात बसलं होतं, की ह्यांना माझं काम पसंत पडलं नाही. शेवटी एका दुपारी त्यांनीच हाक मारली. म्हणाले, "सूनबाई, हात फार सफाईदार आहे तुझा. पण सूत चुकलं. आपल्याकडे थंडी पहाटेचे दोन तास, आणि ह्यात घाम सुटतो दिवसभर. सूत डोळ्यांनी घेतलंस. बोटांनी घ्यायला हवं होतंस."

त्या दुपारी त्यांनी मला जे शिकवलं, त्यात पुढे माझ्या अनुभवाची भर पडली. ते सगळं आज तुमच्यापुढे ठेवते.

दुकानाची पायरी चढण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्यात. वस्तू कोण घालणार? कुठल्या हवेत घालणार? आणि ती धुणार कोण? रंग आणि नमुना यांचा नंबर ह्यानंतर.

आता सोलापूरची हवा घ्या. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. हिवाळ्यातही पहाट तेवढी गार. दुपारी पुन्हा ऊन तापतंच. अशा हवेत अंगाला लागून राहणारं सूत घाम शोषणारं हवं. बाजारात ज्याला सरसकट लोकर म्हणतात, त्यातला मोठा भाग मेंढीच्या अंगावरचा नसतोच. ते ॲक्रिलिकचं, म्हणजे कारखान्यात तयार केलेलं कृत्रिम सूत असतं. एके काळी बायका त्याला कॅशमिलॉन म्हणत. ते स्वस्त असतं, रंगानं देखणं असतं, कसर लागत नाही, घरी धुता येतं. हे त्याचे गुण खरेच आहेत. पण ते घाम फारसा शोषत नाही. माझ्या निळ्या स्वेटरचं रहस्य हेच होतं.

मग ओळखायचं कसं? सोपी परीक्षा आहे. दोन बोटं लांबीचा धागा चिमट्यात धरा आणि खाली थाळी ठेवून त्याला काडी लावा. खरी लोकर कुरकुरत, रडतखडत जळते, ज्योत बाजूला घेतली की विझू लागते, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. कापूस झरझर जळतो, कागद जळाल्याचा वास येतो, राख करडी आणि मऊ पडते. कृत्रिम सूत वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी बनतो. तो गार झाल्यावरही चुरडत नाही. तेवढ्यासाठी म्हणून सांगते, चुलीशी, शेगडीशी काम करणाऱ्या बाईसाठी किंवा शेकोटीजवळ बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी असलं सूत घेऊ नका. पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं.

लोकर खरी असली, तरी सगळी लोकर सारखी नव्हे. आपल्याच जिल्ह्यातल्या धनगरांच्या दख्खनी मेंढ्या पाहा. त्यांची लोकर काळी, जाड आणि राठ. तिची घोंगडी होते, चिंचोक्याची खळ लावून ताठ केलेली, माळरानावर पावसापाण्यात अंगावर घ्यायला त्यासारखं दुसरं काही नाही. पण त्याच लोकरीचं टोपरं तान्ह्याला घातलंत तर ते किंचाळेल. तंतू साधारण तीस मायक्रॉनच्या पुढे जाड झाला की त्याचं टोक कातडीला टोचतं. ऑस्ट्रेलियातून येणारी मेरिनो लोकर त्याहून पुष्कळ बारीक असते, म्हणून ती मऊ लागते. दुकानात लोकर हातात घेऊन मऊ आहे म्हणू नका; हाताचं कातडं राठ असतं. गुंडा मानेला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला दोन मिनिटं लावून ठेवा. तिथे खाजलं तर अंगातही खाजणार.

लोकरीचा दुसरा स्वभाव धुण्यात कळतो. तिच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं ही तिन्ही एकत्र आली की ते खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आखडून नमद्यासारखा घट्ट होतो. तो मग पुन्हा सैल होत नाही. ज्या घरी सगळे कपडे एकाच बादलीत भिजतात किंवा यंत्रात पडतात, त्या घरी साधी लोकर भेट देऊ नये. यंत्रात धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकर मिळते; गुंड्यावरच्या पट्टीवर तसं छापलेलं असतं. ती पट्टी वाचायची सवय ठेवा.

आता राहिलं आपलं कापसाचं सूत. सोलापूर म्हणजे सुताचंच गाव. 1877 साली इथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. त्या जुन्या गिरण्या आता बंद पडल्या, पण यंत्रमाग चालू आहेत आणि सोलापूरच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. घरोघरी कुणी ना कुणी नात्यातलं मागावर असतंच. तेव्हा तुम्ही म्हणाल, मागाचंच सूत आणून विणू या की! मीही तेच केलं होतं. उरलेल्या सुताचा एकेरी धागा जाड करून विणायला घेतला, आणि चार बोटं विणून होत नाहीत तो कापड तिरकं चालू लागलं. उजवीकडचा टाका डावीकडे. मला वाटलं माझाच हात बिघडला.

मामंजी हसले. त्यांनी हातभर धागा घेतला, दोन्ही टोकं जवळ आणून मधला भाग लोंबू दिला. धागा स्वतःभोवती गरगर फिरला आणि त्याची दोरी झाली. मागावर धाग्याला ताण सोसायचा असतो, म्हणून त्याला पीळ जास्त देतात. तोच पीळ विणकामात कापडाला ओढतो. ज्या सुतात दोन-तीन पदर उलट दिशेनं एकत्र पिळलेले असतात, ते लोंबवलं तर बहुतेक शांत राहतं. ही परीक्षा दुकानातल्या दुकानात, कुणाच्या लक्षातही न येता करता येते.

सुताचा नंबर हाही समजून घ्या. 840 वारांची एक लडी. अशा जितक्या लड्या एका पौंडात बसतील तितका त्या सुताचा नंबर. म्हणून नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. दोन-वीस म्हणजे वीस नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेले. अशा दोन-वीस सुताचे चार धागे जोडीनं घेतले, तर अकरा किंवा बारा नंबरच्या सुईवर छान विणता येतात. सुयांचा जुना नंबरही असाच उलटा असतो: आठ नंबरची सुई चार मिलिमीटरची आणि बारा नंबरची पावणेतीन. मागाचं सूत आणलंत तर आधी लडी कोमट पाण्यात साबणानं धुऊन, पीळ न देता सावलीत वाळवा. खळ निघून जाते आणि जे आटायचं ते आधीच आटतं. गडद रंग असेल तर ओलं सूत पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा.

कापसाचेही दोष आहेत, ते लपवत नाही. तो जड असतो, आणि ताणला की लोकरीसारखा परत जागेवर येत नाही. लांब बाह्यांचा सुती स्वेटर वर्षभरात गुडघ्याशी बोलू लागतो. म्हणून सुतात बंडी करावी, अर्ध्या बाह्यांचं काही करावं, बाळाचं झबलं करावं. आणि काठ एक सुलट एक उलट घालून, अंगापेक्षा दोन नंबर बारीक सुईवर विणावा. तान्ह्या मुलासाठी केसाळ सूत आणि मोठी जाळी दोन्ही टाळा. केस तोंडात जातात, बोटं भोकांत अडकतात.

किती सूत घ्यावं, हा नेहमीचा प्रश्न. वजनावर जाऊ नका, लांबीवर जा. एकाच वजनाच्या दोन गुंड्यांत, जाडी सारखी दिसली तरी, कापसाच्या गुंड्यात लांबी कमी भरते आणि कृत्रिम सुताच्या गुंड्यात जास्त. पट्टीवर मीटर लिहिलेले असतात. नमुन्याला लागणारे मीटर काढा आणि वर एक गुंडा जादा घ्या. सगळे गुंडे एकाच लॉटचे आहेत ना, हे उजेडात पाहा. दिव्याखाली सारखे दिसणारे दोन लॉट दाराबाहेरच्या उन्हात वेगळे निघतात, आणि मग एक बाही चुलतबहीण वाटते.

घरी आल्यावर लगेच टाके घालायची घाई नको. आधी एक चौकोन विणा, दहा सेंटिमीटरहून थोडा मोठा. तो धुवा, वाळवा आणि मग मधल्या दहा सेंटिमीटरांत टाके मोजा. पुस्तकात 22 टाके सांगितले आहेत आणि तुमचे 20 भरले, असं समजा. दोनाचाच फरक! पण 132 टाक्यांचा घेर पुस्तकाच्या हिशेबानं 60 सेंटिमीटर होईल आणि तुमच्या हातून तो 66 होईल. मूल सहा वर्षांचं आणि स्वेटर नऊ वर्षांच्याचा. एका संध्याकाळचा चौकोन महिन्याचं काम वाचवतो.

गेल्या वर्षी माझ्या भाचीनं जर्मनीहून फोन केला, "मावशी, मला तुझ्या हातचा स्वेटर हवा." तिला मी तेच तीन प्रश्न विचारले. तिथे महिनोन्‌महिने थंडी, कपडे यंत्रात धुणार, आणि तिला लोकर टोचते. म्हणून यंत्रात चालणारी मेरिनो घेतली. सोलापूरला जे सूत चुकलं असतं, ते तिथे बरोबर ठरलं.

मामंजींना मी पुढे मागाच्याच सुताची बंडी विणली. साधी, दुधी रंगाची, दोन सुलट दोन उलट. ती त्यांनी अकरा हिवाळे घातली. गळ्याशी विरली तेव्हा मी तेवढाच भाग उसवून पुन्हा विणून दिला. ते गेल्यावर ती बंडी मी ठेवून घेतली आहे. काखेत झिजली आहे, रंगही उडाला आहे. तिच्याशेजारीच ट्रंकेत तो निळा स्वेटर आहे. तो अजून नवाकोरा दिसतो. विणलेल्या वस्तूच्या बाबतीत ही काही चांगली गोष्ट नव्हे.