ज्वालामुखीच्या काठावरचे एक गाव

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



इंडोनेशिया म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बाली बेट उभे राहते. तेथील मंदिरे, रामायणावरील नृत्यनाट्ये, गरुडाचे नाव धारण करणारी विमानसेवा, या सर्वांविषयी आपण पुष्कळ ऐकलेले आहे. खरे सांगायचे तर त्या ऐकण्यात बराचसा आनंद स्वतःचेच कौतुक ऐकल्याचा असतो. आज मी आपल्याला बालीत नेणार नाही. त्याच्या पश्चिमेला जावा बेट आहे. तेथील ब्रोमो पर्वताच्या काठावरील एका बटाटे पिकविणाऱ्या गावाविषयी मला बोलायचे आहे.

गावाचे नाव ङादिसारी. ‘ङ’ हे अक्षर आपण बालपणी पाठ करतो आणि पुढे जन्मभर त्याने सुरू होणारा शब्द काही आपल्याला भेटत नाही. मला तो तेथे भेटला! पूर्व जावातील प्रोबोलिंगो जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवर हे गाव वसलेले आहे. त्याची शेवटची वाडी अगदी कड्यावर आहे. तेथून खाली पाहिले की राखाडी वाळूचे विस्तीर्ण मैदान दिसते आणि त्याच्या मधोमध धूर ओकणारा ब्रोमो. ब्रोमो म्हणजे ब्रह्मा. त्या वाळूच्या मैदानाला ते लोक ‘सगारा वदी’, म्हणजे वाळूचा सागर, म्हणतात. गावाला ‘देसा’, जिल्हाधिपतीला ‘बुपाती’ म्हणजे आपला भूपती, आणि सरपंचाला ‘कपाला देसा’. या शेवटच्या शब्दात आपले ‘कपाळ’ आहे. सरपंचाला गावाचे कपाळ म्हणणे किती अर्थपूर्ण आहे, हे ग्रामपंचायतीत काम केलेल्यांना सांगावयास नको.

येथील लोक तेंगर म्हणून ओळखले जातात. मजापहित साम्राज्याच्या अस्तानंतर जावातील बहुसंख्य समाजाने पुढे इस्लामचा स्वीकार केला. या डोंगरातल्या गावांनी मात्र आपले जुने आचार राखले. याच डोंगरात सापडलेल्या शके १३२७ च्या, म्हणजे इ.स. १४०५ च्या एका लेखात वालांडित नावाच्या गावाचा उल्लेख आहे. तेथील रहिवासी या पवित्र पर्वताचे सेवक असल्याने त्यांना कर माफ केल्याचे त्यात म्हटले आहे. म्हणजे पर्वताची सेवा आणि गावाचा निर्वाह यांची सांगड सहाशे वर्षांपूर्वीच घातली गेली होती.

तेंगर वर्षाच्या शेवटच्या कसादा महिन्यात, पौर्णिमेच्या सुमारास, गावोगावचे लोक वाळूच्या सागरातील मंदिरात जमतात आणि मग विवराच्या काठावर जाऊन भाज्या, धान्य, कोंबड्या, बकऱ्या पर्वताला अर्पण करतात. यामागची कथा अशी की, रारा अंतेंग आणि जाका सेगेर या अपत्यहीन दांपत्याला पर्वताच्या कृपेने पंचवीस मुले झाली. सर्वांत धाकटा कुसुमा पर्वताने परत घेतला. तेव्हापासून भावंडांचे वंशज दरवर्षी आपल्या पिकाचा वाटा त्याला देतात. तेथे आणखी एक दृश्य दिसते. विवराच्या उतारावर जाळी धरून काही माणसे उभी असतात आणि फेकलेली भाजी, कोंबडी झेलतात. त्यांना कोणी हाकलत नाही. पर्वताला दिले, पुढचे पर्वत पाहील, अशी त्यांची वृत्ती आहे. याच उत्सवात नव्या पुरोहितांची परीक्षा होते. उमेदवाराने सर्वांसमक्ष मंत्र न चुकता म्हणावे लागतात. उत्तीर्ण झालेला पुरोहित दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या शेतात कुदळ घेऊन उभा असतो, कारण पुरोहितपण हा त्याच्या पोटाचा उद्योग नव्हे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी तेथे एका शेतकऱ्याच्या घरी राहिलो. प्रोबोलिंगोचा एक तरुण दुभाषा म्हणून सोबत होता. त्या घरात बैठकीची खोली होती, पण मला थेट स्वयंपाकघरात, चुलीपाशी बसविण्यात आले. पाहुण्याला चुलीची ऊब देणे हा तेथील शिष्टाचार आहे, आणि त्या थंडीत त्याची योग्यता मला तत्काळ पटली. घरधन्यांना सर्वजण ‘पाक’ म्हणत, म्हणजे वडीलधारे. ते मलाही पाकच म्हणत. पहाटे तीन वाजता ते आपली जुनी जीप घेऊन पर्यटकांना सूर्योदय दाखवायला जात. परत आले की खांद्यावरचे सारोंग घट्ट गुंडाळून शेतावर. एका दिवसात माणूस दोन व्यवसाय करत होता आणि दोन्हींविषयी साशंक होता.

आधी शेतीची गोष्ट. पूर्वी या डोंगरात मका हेच मुख्य अन्न होते. १९७० च्या दशकापासून रासायनिक खते आली, रस्ते आले आणि बटाटा, कोबी, पातीचा कांदा यांनी मक्याची जागा घेतली. पैसा आला, पक्की घरे आली, मुले शाळेत गेली. पण धुक्याच्या प्रदेशात बटाट्यावर करपा हटकून येतो. म्हणून फवारणी, पुन्हा फवारणी, आणि तिच्यासाठी उसनवारी. सऱ्या उताराच्या दिशेने काढलेल्या, कारण आडव्या सरीत पाणी साचून कंद कुजतो. पण उभ्या सरीतून पावसाळ्यात माती वाहून जाते. भाव ठरविणारा व्यापारी पायथ्याशी बसलेला. शिवाय १९८२ साली ब्रोमो-तेंगर-सेमेरू राष्ट्रीय उद्यान झाले, त्यामुळे वरच्या बाजूला जमीन वाढायला जागा नाही. जमीन तेवढीच राहते आणि प्रत्येक पिढीत वाटेकरी वाढतात. पाक म्हणाले, ‘‘आजोबांच्या शेतावर एक चूल पेटत होती. आता त्याच शेतावर पाच पेटतात.’’

त्यावर पर्वताची लहर. २०१० च्या नोव्हेंबरात ब्रोमो जागा झाला आणि पुढे कित्येक महिने राख पडत राहिली. शेते राखेखाली गेली, पर्यटकही येईनात. दोन्ही उत्पन्ने एकाच वेळी बुडाली. तरी गाव उठून गेले नाही. ‘‘राख आधी पीक मारते, मग पोसते,’’ असे पाकांच्या पत्नीने सांगितले, आणि ते सांगताना त्या बटाटे सोलत होत्या.

आता जे मला मुख्यतः सांगायचे आहे ते. इतके निसर्गरम्य ठिकाण, जगभरातून येणारे प्रवासी, मग तेथली जमीन मोठ्या शहरांतील धनिकांनी केव्हाच घेतली असेल असे आपल्याला वाटेल. आपल्या घाटमाथ्यावर आपण हेच पाहिले आहे. जमीन विकणारा काही वर्षांनी त्याच जमिनीवर बंगल्याचा राखणदार होतो. ङादिसारीत गावाचा दंडक असा की, जमीन तेंगर समाजाबाहेरच्या माणसाला विकायची नाही. हा नियम पाळतो कोण? पोलीस नव्हे. विकणाऱ्याच्या घरच्या लग्नाला आणि मर्तिकाला गाव उभे राहणार नाही, ही भीती पुरेशी आहे. वाळूच्या सागरात पर्यटकांना फिरविणाऱ्या जीपगाड्याही आसपासच्या गावकऱ्यांच्याच. त्यामुळे पहाटे तीनला मिळालेला पैसा आठ वाजता शेतात पोहोचतो. कपितु नावाचा महिना व्रताचा असतो. त्याच्या आरंभी आणि अखेरीस वाळूच्या सागरात मोटारींना बंदी असते, आणि हे नुकसान गाव आनंदाने सोसते.

शिक्षणाबाबतही गावाने स्वतःला शिस्त लावून घेतली आहे. बारावीपर्यंतचे शिक्षण पूर्ण झाल्याखेरीज विवाह नाही, असा नियम गावाने केला. मुलींच्या विवाहाचे किमान वय सोळावरून एकोणीस करणारा देशाचा कायदा आला तो २०१९ मध्ये. शासनाचाही हातभार आहे. २०१४ च्या ग्राम कायद्यानंतर, २०१५ पासून, देशातील सुमारे पंचाहत्तर हजार गावांना केंद्राकडून थेट निधी मिळू लागला. रस्ते, गटारे, पाण्याच्या टाक्या त्यातून झाल्या. २०२४ च्या दुरुस्तीने सरपंचाची मुदत सहावरून आठ वर्षे झाली. यातून काम वाढेल की केवळ खुर्ची टिकेल, याबद्दल माझ्या मनात शंका आहे.

धोके नाहीत असे नाही. २०२३ च्या सप्टेंबरात बाहेरून आलेल्या एका जोडप्याने विवाहपूर्व छायाचित्रांसाठी धुराच्या नळकांड्या पेटविल्या आणि सुमारे पाचशे हेक्टर गवताळ डोंगर जळाला. दंडकाने जमीन राखता येते, पाहुण्याची अक्कल राखता येत नाही. तसेच कोणी हे सारे केवळ धर्माच्या भिंतीने टिकले असे समजू नये. मलंग जिल्ह्यातील ङादास गावात हिंदू, बौद्ध आणि मुस्लीम तेंगर एकत्र राहतात आणि कारो हा सण मिळून साजरा करतात.

निघण्याच्या आदल्या रात्री चुलीपाशी मी पाकांना विचारले की, तीन मुलांपैकी शेत कोण करील? थोरला सुराबायाच्या कारखान्यात आहे. मधली शिक्षिका होण्यासाठी शिकते आहे. तिला परत यायचे आहे, पण गावच्या शाळेत जागा निघेल तेव्हा. धाकटा जीप चालवतो आणि शेताचा विषय निघाला की बाहेर जातो. त्या वेळीही तो बाहेरच गेला होता. पाकांनी चुलीत एक लाकूड सरकविले आणि दुभाष्याला विचारले, ‘‘यांच्याकडे बटाट्याला काय भाव आहे?’’ मला ठाऊक नव्हता. ते हसले आणि म्हणाले, ‘‘मग तुमचीही मुले शहरातच असणार.’’